डावीकडे जास्त झालंय

माझे वडील, हेल्डुर, बोटीवर गाड्या चढवायचे.
रोहुक्युलाचा धक्का, पाण्यापलीकडे हीउमा बेट,
अंगात नारिंगी जाकीट, दोन मापं मोठं.
लाकडाचा ट्रक आला की हात डावीकडे,
दुधाचा टँकर उजवीकडे,
लहान गाड्या मग फटीफटीतून,
पोत्यात शेवटचे बटाटे बसवावेत तशा.
बोट कलली तर?
मी विचारलं होतं, सात वर्षांची असताना.
ते म्हणाले, बोटीला नावं ठेवू नयेत.
मोजणारा मी आहे.

आता त्याच बोटीची तिकिटं माझ्या गळ्यात.
टार्टूत तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी टेबल,
धक्का कुठेच नाही.
भाड्याने घेतलेले, कधी न पाहिलेले सर्व्हर
आणि त्यांच्यापुढे उभा एक लोड बॅलन्सर.
दर दहा सेकंदांनी तो एकेकाला हाक मारतो,
आहेस का?
तीनदा उत्तर नाही आलं
की त्याच्याकडे कुणाला धाडत नाही.
रुसत नाही, चौकशी नाही.
पुन्हा दोनदा ‘आहे’ म्हणालास, ये, उभा राहा रांगेत.
माणसांत असा स्वभाव मी पाहिलेला नाही.

यानिपाएवच्या आधीची रात्र.
रात्र म्हणायची एवढंच,
साडेअकरालाही आभाळ दुधट.
अख्खा देश बेटावर शेकोट्या पेटवायला निघालेला,
कुत्री, तंबू, सासवा, मागे जोडलेल्या ट्रॉल्या.
चार सर्व्हरांचे नऊ झाले, नवाचे चौदा,
आपसूक, मी एप्रिलातच लावून ठेवलं होतं तसे.
कॉफी गार. पडद्यावर सगळं हिरवं.

आणि लॉगमध्ये एक ओळ,
जी दारातून आलेली नव्हती.

पुढच्या दाराचं मी काय करायचं ठेवलं होतं?
प्रमाणपत्र नवं, जुनं टीएलएस बंद,
ऐंशी नंबरच्या पोर्टवर चुकून आलेल्याला
हाताला धरून चारशे त्रेचाळीसवर नेणं,
एका पत्त्यावरून मिनिटाला शंभरच विनंत्या,
एकशे एकावी परत.
आणि मागे सौनाची खिडकी सताड उघडी.
सहाव्या सर्व्हरवर
आठ हजार ऐंशी, जगातल्या कुणालाही.
नियमाशेजारी टीप होती:
‘तात्पुरतं. उद्या बंद करते. लेलो.’
तारीख नोव्हेंबरची.

लेलो म्हणजे मीच.

खिडकी लावायला अर्धं मिनिट लागलं.
यापुढे मागच्यांनी फक्त बॅलन्सरचंच ऐकायचं,
दुसरा कुणी कितीही ओळखीचा असो.
सहाव्याला रांगेतून काढलं,
पण लगेच नाही निघत तो.
हातातली कामं संपवायला पाच मिनिटं द्यावी लागतात.
नवीन कुणी येत नव्हतं, जुने एकेक जात होते.
शेवटी एक उरली.
नाव मला दिसत नाही, दिसू नये अशीच व्यवस्था.
फक्त दोन मुलं, एक घोड्याची ट्रॉली,
आणि पैसे भरायच्या पानावर थबकलेली.
कार्ड शोधत असेल पर्समध्ये.
चार मिनिटं. चार मिनिटं चाळीस.
शोध ना बाई, मी पडद्याला म्हणाले.
भरले.
मग सहावा मी बाजूला घेतला,
कोण आलं, काय चाळलं, सगळं उलगडायला.

अहवालात एक रकाना असतो, कारण.
तोइवो म्हणतो, तिथे ‘प्रक्रियेतील त्रुटी’ लिही, सगळे तेच लिहितात.
मला वडिलांची वही आठवली,
एकदा युलोचा गवताचा ट्रॅक्टर
न मोजता, ओळखीखातर, बाजूच्या फाटकाने आत घेतलेला.
बोट दोन बोटं कलली, आणखी काही नाही.
वहीत त्यांच्या किरट्या अक्षरात: चूक माझी, हे. ता.
मी माझं नाव लिहिलं.
खाली तारीख. नोव्हेंबरचीसुद्धा.

सहाला फोन वाजला.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली
तरी सणाच्या दिवशी ते धक्क्यावर जातातच, न बोलावता.
मागे भोंगा, सीगल, कुणीतरी ओरडतंय.
‘डावीकडे जास्त झालंय,’ ते म्हणाले.
‘नवी पोरं आहेत. सांग त्यांना.’
मी कशी सांगू, बाबा, मी टार्टूत आहे.
‘तुझ्याकडे आहे ना तो,’ ते म्हणाले,
‘मोजणारा.’